सुगीच्या आधीची दिवाळी

‘ऋण काढून सण करू नये’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवले जाते, की ते कोण कोणाला ऐकवतो याकडे आपले लक्ष जात नाही. पगारदार माणूस कोरडवाहू शेतकऱ्याला ऐकवतो, कर्ज देणारा कर्जदाराला ऐकवतो, कीर्तनकार समोर बसलेल्या सगळ्यांनाच ऐकवतो. ज्याच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात त्याला ते पटते. ज्याच्या घरी वर्षातून दोनदाच पैसे येतात तो मान हलवतो आणि दुकानाकडे वळतो.

लोहारा आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या दुकानवह्या, खतावण्या आणि घरगुती टाचणे मी गेली पंधरा-वीस वर्षे जमेल तशी पाहत आलो आहे. कुणी माळ्यावरून काढून दिल्या, कुणी रद्दीत घालण्याआधी निरोप धाडला. बऱ्याचशा मोडीत आहेत, काही उंदरांनी अर्ध्या केलेल्या. त्या वाचताना एक गोष्ट मला पुन:पुन्हा दिसत गेली, आणि तीच या लेखात मांडायची आहे. आपल्या भागातल्या सणाच्या कर्जाचा संबंध उधळपट्टीशी थोडा आणि पंचांग व पीक यांच्यातल्या अंतराशी फार आहे.

उधळपट्टीचा आरोप जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि ते नगर जिल्ह्यात पसरले. त्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात आणि सणावारात पैसा उडवतो म्हणून तो बुडतो, ही समजूत तेव्हाच्या अधिकाऱ्यांत सर्रास होती. आयोगाचा निष्कर्ष मात्र वेगळा निघाला. लग्न आणि सण यांवरच्या खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात, आणि काही वर्षांची सरासरी धरली तर त्या ऐपतीच्या माणसाने एवढे खर्चणे गैर नाही, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. सरकारी अहवालात असे वाक्य सापडावे याचे मला पहिल्यांदा वाचताना नवल वाटले होते. आठ वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सणांचा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला: वर्षभराच्या सणांत आणि विधींत शेतकऱ्याच्या पदरचे काय काय दक्षिणेच्या रूपाने निघून जाते, याची महिनावार यादीच त्यांनी दिली. आयोग आणि जोतीराव यांचे रोख वेगळे आहेत, पण मुळात शेतकरीच उधळा आहे असे दोघेही म्हणत नाहीत.

ही चौकशी इंग्रजी मुलखातली. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून इथल्या स्थितीकडे वेगळे पाहावे लागते, आणि सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते.

लोहाऱ्याची काळी, ओल धरणारी जमीन पिढ्यान्‌पिढ्या रब्बीची. खरिपात मूग, उडीद, थोडी पिवळी, पाटीला तूर. खरे पीक शाळूचे, आणि त्याच्या जोडीला करडई, हरभरा, जवस, जमल्यास गहू. शाळू पेरायचा भाद्रपद-आश्विनात, काढायचा माघ-फाल्गुनात. म्हणजे दिवाळीत शाळू गुडघ्याएवढा. घरातल्या बळदात गेल्या सालची ज्वारी तळाला गेलेली. हाती काय, तर श्रावण-भाद्रपदात निघालेला मूग-उडीद, आणि तोही पावसात सापडला नाही तर. तूर अजून फुलावर. अशा वेळी आश्विन वद्य त्रयोदशी येते.

वह्यांत हे चित्र उघडे दिसते. आश्विन वद्याच्या पानांवर नावेची बाजू भरलेली असते आणि जमेची बाजू जवळजवळ कोरी. जमा दिसू लागते ती फाल्गुनापासून, आणि चैत्रात तिची गर्दी होते. दुकानदारालाही हे ठाऊक असे. दिवाळीत दिलेला माल त्याने होळीपर्यंतच्या उधारीवर दिलेला असे आणि त्याचा भाव तसाच लावलेला असे. वहीत व्याजाचा रकाना असतोच असे नाही. पुष्कळदा व्याज मालाच्या दरातच मुरलेले असते. धान्य उसने घेतले तर सवाई किंवा दिढी उघड असे. एक पायली घेतली तर खळ्यावर सव्वा किंवा दीड द्यायची.

पण या पानांवर काय नाही, तेही वाचावे लागते. तेल फारसे नाही. तेल घरच्या करडईचे; उन्हाळ्यात घाण्यावरून काढून डब्यात भरलेले. डाळी नाहीत, त्या घरच्या. पणत्या नाहीत, त्या कुंभाराने आणून दिलेल्या आणि त्याचा मोबदला खळ्यावर बलुत्यात चुकता होणारा. अंगणातले शेणाचे पांडव आणि गवळणी यांना अर्थातच काही लागत नाही. गुराख्यांच्या हातातल्या लव्हाळ्याच्या दिवट्यांना लागले तर घोटभर तेल. विकत येई ते कापड, साखर किंवा गूळ, खोबरे आणि मसाल्याचे जिन्नस. रवा-मैदा पुष्कळ नंतरच्या वह्यांत दिसतो. जुन्या दिवाळीचे अंदाजपत्रक असे दोन कप्प्यांचे होते. एक कप्पा धान्याचा आणि बलुत्याचा, जो आपोआप भागे. दुसरा रोकडीचा, आणि तो नेमका रोकड नसलेल्या महिन्यात उघडे.

रोकडीच्या कप्प्यातला सगळ्यात जड भाग खाण्याचा नव्हता. तो मुलींचा होता. सासरहून आलेल्या लेकीची चोळी, बहिणीची ओवाळणी, आणि त्या वर्षी लग्न झाले असेल तर दिवाळसण. नव्या जावयाला पहिल्या दिवाळीला बोलावल्यावर हात आखडता घेता येत नाही. आयोगाच्या भाषेत हा ‘क्वचित येणारा प्रसंग’, पण ज्याच्या घरी तीन मुली आहेत त्याला तो तीनदा येतो.

कापडासाठी सोलापूर जवळ. आणि सोलापूर म्हणजे दुसरे राज्य, दुसरे नाणे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कळदार रुपया यांचे प्रमाण साधारण सात हालीला सहा कळदार असे धरले जाई. सहा रुपयांचे लुगडे घ्यायला सात हाली मोजावे लागत, शिवाय मोडून देणाऱ्याचा बट्टा वेगळा. इथल्या वह्यांत रकमेपुढे ‘हा.’ किंवा ‘क.’ असे अक्षर आढळते, ते यासाठी. लोहाऱ्याचा शेतकरी दिवाळीचे कापड घेताना परकीय चलनाचा व्यवहार करत होता, असे म्हटले तर विनोद वाटेल, पण ते अक्षरश: खरे आहे.

वर्षेही तीन होती. संस्थानाचे फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होई; १ आजूर १३५७ फसली म्हणजे ६ ऑक्टोबर १९४७. गुजराती-मारवाडी व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदले. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन आणि दुसऱ्या दिवशी नव्या वहीत पहिली नोंद. शेतकऱ्याचे आणि सालगड्याचे वर्ष मात्र गुढीपाडव्याचे. सालगडी आजही पाडव्याला ठरतो आणि पाडव्याला सुटतो. सरकार आणि दुकानदार यांची नवी वर्षे दिवाळीच्या आगेमागे, आणि शेतकऱ्याचे वर्ष तेव्हा अर्ध्यावर आलेले. वहीपूजनाआधी जुनी बाकी मिटवावी असा व्यापाऱ्याचा आग्रह असतो. त्यामुळे ज्या आठवड्यात नवी उधारी हवी, त्याच आठवड्यात जुन्या बाकीची आठवण केली जाई. मग जुनी बाकी नव्या वहीत ओढली जाई, आणि ओढताना तिच्यात थोडी भर पडे. ही ‘ओढलेली बाकी’ काही खात्यांत सलग आठ-दहा वर्षे चालताना मी पाहिली आहे.

या जोडीला एक दुसरा सण ठेवून पाहिला की मुद्दा स्पष्ट होतो. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागाबाहेरच्या वाचकांना वेळ अमावस्या कदाचित माहीत नसेल. आम्ही तिला येळवस म्हणतो. मार्गशीर्ष अमावस्येला सगळे गाव शेतात जाते. कडब्याची खोप करायची, पांडव मांडायचे, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असे जेवण. भज्जीत पडतात ते ओले हरभरे, तुरीचे दाणे, पावटे, भाज्या, म्हणजे त्या दिवशी शिवारात जे असेल ते. दिवाळीनंतर बरोबर दोन अमावस्यांनी येणारा हा सण गावात माणूस शिल्लक ठेवत नाही, पुण्या-मुंबईची पोरे त्यासाठी सुट्टी काढून येतात, आणि दुकानवहीत त्याची नोंद जेमतेम असते. याच माणसांवर सणाला पैसे उडवण्याचा आरोप होतो. जो सण पिकाशी जुळतो तो त्यांनी कर्जाविना साजरा केला आहे, आणि तोही दिवाळीपेक्षा जास्त हौसेने.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावे. अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि सावकारांचा ६९.७ टक्के, हे त्यातले आकडे अनेकांना पाठ असतात. घरखर्चासाठी घेतलेले कर्ज एकूण कर्जाच्या निम्म्याच्या जवळपास होते, याकडे मात्र कमी लोक बघतात. सहकारी पतपुरवठा पुढे वाढला, पण तो पिकासाठी. खताला कर्ज, बियाणाला कर्ज. लेकीच्या चोळीला कर्ज देणारी सोसायटी निघाली नाही. ती जागा दुकानवहीकडेच राहिली. पीककर्जातून दिवाळी भागवणाऱ्याला बँका शिस्त नसलेला म्हणतात. घरातले पैसे एकच असतात, त्यांच्यावर कारण छापलेले नसते, एवढेच मी म्हणेन.

पगारदारांची गोष्ट वेगळी. १९६५ च्या बोनस कायद्याने ठरवलेला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एका महिन्याचा पगार. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सणासाठी १२,५०० रुपयांपर्यंत बिनव्याजी रक्कम मिळण्याची सोय आहे, दहा हप्त्यांत फेडायची. एसटीत तिला ‘सण उचल’ म्हणतात. ऋण काढून सणच हा, फक्त व्याज नाही आणि बोलणारा कुणी नाही.

‘उचल’ हा शब्द आमच्याकडे दुसऱ्या अर्थाने जास्त चालतो. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर मुकादमाकडून कोयत्यामागे उचल घेतो, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळी उठते, आणि पुढचे पाच-सहा महिने तोडणी करून ती फेडायची. बीड जिल्ह्याइतके नसले तरी धाराशिवच्या वाशी, भूम, कळंब पट्ट्यातून बरेच लोक जातात. भूमिहीन घरात दिवाळीचे कपडे याच उचलीतून येतात. पण दिवाळी गावात होईल की फडात, हे पंचांग ठरवत नाही. गाळप हंगामाची तारीख ठरवते. २०२२ मध्ये हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला आणि दिवाळी २४ ला; म्हणजे ती फडात. २०२४ मध्ये निवडणुकीमुळे हंगाम १५ नोव्हेंबरवर गेला आणि दिवाळी १ नोव्हेंबरलाच झाली, ती घरी. घरी दिवाळी झाली तर मजुराला आनंद, पण उचलीतला खर्च वाढतो आणि कामाचे दिवस घटतात. बागायतदाराचे गणित याच कारखान्याशी उलट बाजूने बांधलेले. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत. प्रत्यक्षात मागच्या हंगामाचा काही भाग मागे राहतो आणि दिवाळीला ‘हप्ता’ म्हणून येतो. स्वत:चेच पैसे सणाची भेट म्हणून घेण्याची आम्हाला सवय झाली आहे.

१९९३ ची दिवाळी या इतिहासात वेगळी काढावी लागते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते. लोहारा तालुका पुढे झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला होते, चव्वेचाळीस दिवसांनी. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेले असते त्या घरात कढई चढत नाही. भाऊबंद, शेजारी फराळ आणून देतात. त्या वर्षी सास्तूरसारख्या गावात शेजाऱ्याच्याही घरी तेच होते. मी तेव्हा विशीत होतो. तळणाचा वास नसलेली तेवढी एक दिवाळी आठवते. वह्यांपुरते बोलायचे तर काही दुकानांच्या वह्याच ढिगाऱ्याखाली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बाकीही. ती बाकी कुणी मागितली, कुणी सोडली, यावर लोक अजून हळू आवाजात बोलतात.

पुनर्बांधणीच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरदुरुस्तीच्या कामात आल्या. पुढे त्यांतून बचतीचे गट उभे राहिले, आणि नंतर सरकारी ‘उमेद’चे. बायकांच्या हातात दिवाळीसाठी अंतर्गत कर्जाची सोय पहिल्यांदा आली ती इथे. गटाच्या वहीत चोळीबांगडीसाठी घेतलेले कर्ज ‘घरखर्च’ म्हणून उघडपणे लिहिलेले असते. माझ्या मते पतपाहणीने दाखवलेली जागा थोडीफार कुणी भरली असेल तर ती या गटांनी. आठवड्याला दारात येणाऱ्या खासगी वित्तकंपन्यांनीही ती भरली, पण त्यांच्या हप्त्याला पीक, अमावस्या आणि दुखवटा यांपैकी काहीच कळत नाही.

खरा पालट झाला तो सोयाबीनमुळे. १९९० नंतर ते आमच्या शिवारात पसरत गेले आणि रब्बीचा पट्टा बघता बघता खरिपाचा झाला. जूनअखेर पेरले तर शंभर-एकशे दहा दिवसांत निघते, म्हणजे नवरात्राच्या मागेपुढे. शेकडो वर्षांत पहिल्यांदा सुगी दिवाळीच्या आधी आली. नावेच्या पानावर आता जमाही दिसायला हवी होती, आणि काही वर्षे दिसली.

पण वेळ जुळली, तर भाव फिरला. सगळ्यांचा माल एकदम येतो आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात पैसे हवे असतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली, आणि ४ नोव्हेंबरच्या दिवाळीला भाव पाच हजारांच्या घरात होता. पुढच्या वसंतात तो सात हजारांवर चढला. ज्याने ठेवले त्याला मिळाले, ज्याच्याकडे दिवाळसण होता त्याने विकले होते. ‘सोयाबीन धरून ठेवा’ हा उपदेश तेव्हापासून जोरात आहे. तो ऐकून २०२३ चा माल धरणाऱ्यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात कमी भावाने विकला, हेही सांगितले पाहिजे.

२०२४ ची गोष्ट तर वहीत जपून ठेवावी अशी आहे. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजार त्याच्या खाली. सप्टेंबरच्या मध्यात केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावले. हेतू सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा. दिवाळीला सोयाबीन हमीभावाखालीच राहिले आणि तेलाची पिशवी महागली. करडई गेल्यामुळे आता तेल विकतच आणावे लागते. शेतकऱ्याने सोयाबीन स्वस्तात विकून त्याचेच तेल चढ्या भावाने कढईत ओतले. हमीभावाने खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट होती. ती १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली नोव्हेंबरच्या मध्यात, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर. दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले होते.

दुखणे वेळेचे आहे हे ओळखून केलेली एक योजना आहे, आणि ती जुनी आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे: माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. दिवाळीलाही पैसे आणि माल शिमग्यापर्यंत हातात. कागदावर याहून नेमके औषध नाही. पण दहा-बारा पोती असलेल्या माणसाला गोदामापर्यंतचे भाडे, चाळणी, वाळवण आणि हेलपाटे यांचा हिशेब जड जातो. गावातला आडत्या दारातून माल उचलतो आणि नोटा मोजून देतो. रेशनवरचा ‘आनंदाचा शिधा’ही याच वेळेच्या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ एकेक किलो आणि लिटरभर पामतेल. वहीच्या दृष्टीने पाहिले तर रोकडीच्या कप्प्यातला खाण्याचा भाग सरकारने उचलला होता. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातली पिके पाण्याखाली गेली, आणि नेमक्या त्या दिवाळीला शिधा आला नाही.

एक घटक असा आहे की ज्यावर सरकार, आडत्या आणि मुकादम यांपैकी कुणाचाच ताबा नाही: अधिक महिना. तो आला की दिवाळी उशिरा पडते, आणि सोयाबीनच्या घरात तेवढे दिवस वाढून मिळतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये अधिक महिना नव्हता, ते २१ ऑक्टोबरला, रानातून पाणी निघते न निघते तोच. यंदा अधिक ज्येष्ठ होता, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येत आहे. गेल्या सालापेक्षा अठरा दिवस जास्त. मळणी होऊन, अंगणात वाळवून ओलावा बारावर आणायला एवढे दिवस पुरतात. जावई नवा असला तर मात्र पोते त्याआधीच बाहेर निघते.